स्ट्राइप्ड बाससाठी ल्युअर: आधी पाणी, मग घास, रंग शेवटी

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे गुहागरकडचे, खाडीवर गरवण्यात लहानपण गेलं, आता न्यू जर्सीत एडिसनला राहता आणि या वसंतात स्ट्राइप्ड बास या माशाच्या मागे लागायचं ठरवलंय. दुकानात गेलात तर भिंतभर ल्युअर, म्हणजे माशाला फसवणारी नकली आमिषं. ऑफिसातला सहकारी म्हणाला, पांढरं बकटेल घे, बाकी काही नको. बॉस्टनचे मेव्हणे म्हणाले, पेन्सिल पॉपर. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉकला जाणारा शेजारी म्हणाला, डार्टर. एकाच माशासाठी तीन माणसांची तीन उत्तरं कशी, आणि घ्यायचं नेमकं काय?

तिघंही बरोबर आहेत. सहकारी खाडीमुखाच्या बांधावर उभा राहतो, मेव्हणे मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड कालव्यावर आणि शेजारी माँटॉकच्या खडकांवर. मासा एकच, पण पाणी तीन प्रकारचं. मी या किनाऱ्यावर बरीच वर्षं गरवतोय आणि माझं ठाम मत आहे की स्ट्रायपरचं, म्हणजे स्ट्राइप्ड बासचं, ल्युअर माशाकडे बघून निवडायचंच नसतं, पाण्याकडे बघून निवडायचं. पाणी किती खोल आहे, किती वेगाने वाहतंय आणि आत्ता त्यात कोणता घास, म्हणजे माशाचं खाद्य, फिरतोय, एवढं कळलं की भिंतीवरची बहुतेक ल्युअर आपोआप बाद होतात.

आधी माशाबद्दल थोडं. स्ट्रायपर जन्माने नदीचा आणि कमाईने समुद्राचा. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन इथे तो वसंतात अंडी घालतो, मग किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला न्यू इंग्लंडकडे जातो, पार मेनपर्यंत, आणि थंडी पडायला लागली की परत खाली येतो. म्हणून न्यू जर्सीत त्याचे दोन हंगाम: एक मार्चअखेरीपासून जूनपर्यंत, दुसरा ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. भर उन्हाळ्यात मोठे मासे बहुतेक तुमच्या मेव्हण्यांकडे असतात. तोंड मोठं, पण कापणारे दात नाहीत, घास अख्खा गिळतो. त्यामुळे तारेचा लीडर (दोरी आणि ल्युअर यांच्यामधला मजबूत तुकडा) लागत नाही, ३० ते ५० पौंडांचा साधा तंगूस पुरतो. अंधारात त्याला चांगलं दिसतं. आणि तो शक्यतो पाठलागात दम घालवत नाही. दगडामागे, वाळूच्या कडेला, पुलाच्या सावलीत, जिथे प्रवाहाचा मार कमी लागतो तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि वाहत येणारं उचलतो.

हे वाचून तुम्हाला जिताडा आठवला असेल तर बरोबर आठवला. ओहोटीला खाडीतलं पाणी बाहेर पडायला लागलं की जिताडा उपखाडीच्या तोंडाशी दबा धरतो. इथल्या आतल्या खाड्यांत, गवताळ पाणथळीतून येणाऱ्या छोट्या ओहोळांच्या तोंडाशी, स्ट्रायपर नेमकं तेच करतो. म्हणून तुमची सुरुवात मी तिथूनच करा म्हणेन. एडिसनहून रॅरिटन उपसागर जवळ आहे, आणि तिथला उथळ, काळ्या चिखलाचा तळ लवकर तापतो. पाणी ५० फॅरेनहाइटच्या आसपास आलं की मासे खायला लागतात. या पाण्यात सगळं लहान आणि हलकं हवं. घास असतो कोळंबीसारखी बारीक गवती झिंगी, स्पिअरिंग नावाचे बोटभर रुपेरी मासे, किडे. चार-पाच इंचांचं मऊ रबरी ल्युअर, अर्धा औंस शिशाचं डोकं असलेल्या गळावर लावलेलं, सात फुटी रॉड. दुपारनंतरची ओहोटी असेल तर उत्तम, कारण दिवसभर तापलेलं पाणी चिखलावरून खाली येत असतं. ल्युअर ओढू नका. प्रवाहाला तिरकं टाका, दोरी ताणलेली ठेवा आणि प्रवाहालाच ते फिरवत नेऊ द्या.

रात्री पुलाखाली याच पद्धतीने गरवतात. दिव्यांमुळे पाण्यावर उजेड आणि सावलीची सरळ रेघ पडते. मासे सावलीच्या बाजूला, रेघेला नाक लावून उभे असतात. ल्युअर उजेडातून वाहत सावलीत शिरलं पाहिजे. रेघेच्या दोन फूट अलीकडे ते पाण्यावर काढून घेतलंत, तर रात्रभर मासे पाण्यात आवाज करत राहतील आणि गळाला एकही लागणार नाही.

आता उघडी पुळण. आयलंड बीच स्टेट पार्क हा सुमारे दहा मैलांचा वाळूचा किनारा तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि शरद ऋतूत तुम्ही तिथे जाणारच. नवखा माणूस तिथे जाऊन समुद्राकडे तोंड करतो आणि जीव खाऊन लांब फेकतो. पण किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा असतो, दांड्याच्या आणि काठाच्या मध्ये घळ असते, आणि भरतीला मासे त्या घळीतून, कधी कधी तुमच्यापासून वीस पावलांवरून फिरतात. ओहोटी पूर्ण लागलेली असताना एकदा रॉड न घेता किनारा चालून या. घळ कुठे खोल आहे, दांडा कुठे तुटलाय, हे उघड्यावर दिसतं. लाटा दांड्यावर फुटतात आणि तुटलेल्या जागी फुटत नाहीत, ही भरतीतली खूण. ती जागा धरून काठाला जवळजवळ समांतर फेका.

पुळणीवर घास बघणं फार महत्त्वाचं. मी इथे जरा रेंगाळतो, कारण एकाच वाळूवर सप्टेंबरचं ल्युअर नोव्हेंबरला चालत नाही. सप्टेंबरमध्ये बोटभर-वीतभर मलेट, म्हणजे आपली बोयटं, खाड्यांतून बाहेर पडून थव्यांनी काठाकाठाने दक्षिणेला निघतात. ती पाण्याच्या वरच्या थरात असतात, म्हणून छोटे पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवणारी ल्युअर) आणि वरून पोहणारे मिनो (बारीक माशाच्या आकाराची ल्युअर) चालतात. ऑक्टोबरात मेनहेडनची पिल्लं निघतात. मेनहेडन, इथल्या भाषेत बंकर, आपल्या तारली-पेडव्याच्या गोतातला, अंगाने चपटा आणि रुंद. तेव्हा रुंद बांध्याचं, शॅड माशाच्या आकाराचं रबरी ल्युअर, एक ते दीड औंसाचं. नोव्हेंबरात बहुतेक सँड ईल असतात, पेन्सिलीपेक्षा बारीक, तीन ते सहा इंच, आणि एक खास सवय असलेले: ते वाळूत शिरून दडतात. पहाटे ते वाळूतून वर यायला लागतात तेव्हा स्ट्रायपर तळाशी नाक घासत खातात. मग रुंद ल्युअर कितीही सुंदर असो, उपयोगाचं नाही. अव्हा नावाचं बारीक धातूचं जिग, म्हणजे तळाशी वर-खाली चालवायचं जड ल्युअर, मागे हिरवी किंवा तांबडी रबरी नळी लावलेलं, तळाला टेकू द्यायचं, रील तीन-चार वेळा हळू फिरवायची, पुन्हा टेकू द्यायचं. वाळूचा छोटासा धुरळा उडाला पाहिजे.

त्याच सँड ईलच्या हंगामात रात्री नीडलफिश लावतात. हे ल्युअर दुकानात हातात घेतलंत तर तुम्ही परत ठेवाल: नुसती गोल, टोकदार दांडी, ना ओठ, ना शेपूट. पाण्यातही ते काही करत नाही, आणि हेच त्याचं बळ. अंधारात, हळू, सरळ रेषेत ओढायचं. हात शिवशिवतो, झटके द्यावेसे वाटतात, पण द्यायचे नाहीत. ब्लॉक आयलंड या बेटावर १९८० च्या दशकात या दांडीने प्रचंड मासे दिले आणि तेव्हापासून उत्तरेकडच्या वाळूवर ती कायमची ठरली.

घास बारीक आणि मासे चोखंदळ असतील तर ल्युअरच्या दीड-दोन फूट वर लीडरवर एक टीझर बांधा, म्हणजे एका गळावर बांधलेले थोडे पांढरे केस. पुष्कळदा मासा मोठं ल्युअर सोडून ते केसच घेतो. समोरून जोराचा वारा असेल तेव्हा मात्र हे सगळं बाजूला ठेवून धातूचं जिग किंवा जड बॉटल प्लग घ्या (प्लग म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकचं, माशाच्या घाटाचं ल्युअर). जे पाण्यात पोचतच नाही ते ल्युअर बरोबर असून काय करायचं?

आता सहकाऱ्याचं बकटेल. शिशाचं डोकं, एक गळ आणि त्यावर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, मागे मऊ पट्टी. मला एकच ल्युअर ठेवायला सांगितलं तर मी हेच ठेवेन. पण ते चालवायची जागा म्हणजे बार्नेगॅट, मॅनास्क्वान, शार्क रिव्हर अशी खाडीमुखं, जिथे दोन दगडी बांधांच्या मधून भरती-ओहोटीचं पाणी जोरात आतबाहेर करतं. बांधाच्या टोकाकडे उभे राहा. प्रवाहाच्या वरच्या बाजूला, घड्याळाच्या दहाच्या काट्याच्या दिशेने फेका. पडलं की दोरीची ढील लगेच आवळा आणि बुडू द्या. प्रवाह ते तुमच्या समोर आणेल, तेव्हा तळाचा हलका ठोका रॉडमध्ये लागला पाहिजे: टक, मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा टक. प्रत्येक दगड लागत असेल तर वजन जास्त झालंय, एकही ठोका नसेल तर कमी. तुमच्या समोरून खाली जाताना दोरी ताणली जाते, बकटेल तळ सोडून वर उठायला लागतं, आणि मासा बहुतेक तिथेच, वळणाच्या शेवटी घेतो. म्हणून तिथे घाईने गुंडाळू नका.

या सगळ्याचा अर्थ असा की एक बकटेल विकत घेऊन भागत नाही. ओहोटीच्या सुरुवातीला एक औंस पुरतं, मधल्या दोन तासांत प्रवाह जोरात असतो तेव्हा दोन लागतात, पाणी मंदावलं की पुन्हा एक. उधाणाच्या दिवसांत आणखी जड, भांगाच्या दिवसांत हलकं. एकाच जागी, एकाच रात्रीत वजन बदलत राहणारा माणूस मासे धरतो. रंगासाठी एवढी मेहनत मी कधीच घेत नाही.

बांधावरच्या गरवण्याचा एक प्रसिद्ध दाखला सांगतो. २१ सप्टेंबर १९८२ च्या रात्री ईशान्येचं वादळ चालू असताना अटलांटिक सिटीच्या व्हरमाँट अव्हेन्यूच्या बांधावरून अल मॅक्‌रेनल्ड्‌स यांनी साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा स्ट्रायपर काढला, तोही साडेपाच इंचांच्या रेबेल प्लगवर. तो जागतिक विक्रम २०११ पर्यंत टिकला. त्या वर्षी ४ ऑगस्टला ग्रेग मायरसन यांनी लाँग आयलंड साउंडमध्ये ८१.८८ पौंडांचा मासा धरला. माझ्यासाठी त्या १९८२ च्या रात्रीचं महत्त्व असं की इतका मोठा मासा वादळी फेसाळ पाण्यात, दगडाला लागून, वीतभरापेक्षा लहान ल्युअरवर आला. मोठ्या माशाला मोठंच ल्युअर लागतं असं नाही. पण वादळात बांधावर जा, असा याचा अर्थ काढू नका. ओल्या शेवाळावर साधे बूट निसटतात, खिळ्यांचे तळवे बांधल्याशिवाय बांधावर पाय ठेवायचा नाही, आणि लाटा बांधावरून जात असतील तर गाडीतूनच परत फिरायचं.

मेव्हण्यांचा केप कॉड कालवा ही एकदम वेगळी गोष्ट. १९१४ साली उघडलेला, सुमारे सात मैलांचा, माणसांनी खणलेला हा कालवा आज ४८० फूट रुंद आणि ३२ फूट खोल आहे. दोन टोकांच्या समुद्रांच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून पाणी त्यातून नदीसारखं धावतं आणि साधारण सहा तासांनी दिशा बदलतं. होडीतून गरवायला तिथे बंदी आहे, सगळे काठावरून. अशा पाण्यात आपलं एक औंसाचं बकटेल तळ बघतच नाही. तळासाठी तीन ते पाच औंसांचं जिग लागतं. पण पहाटे प्रवाह फिरतो त्या सुमारास मासे मॅकरेल किंवा मेनहेडन पृष्ठभागावर कोंडतात, आणि ते मधोमध असतात, म्हणून लांब जाणारं आणि वर राहणारं ल्युअर हवं. तेच पेन्सिल पॉपर, दोन ते तीन औंसांचं. मागची बाजू जड, त्यामुळे बाणासारखं जातं. स्टॅन गिब्स यांनी ते याच कालव्यावर नावारूपाला आणलं, त्यांचा पुतळाही कालव्याजवळ आहे. ते चालवायची रीत मेव्हण्यांकडून प्रत्यक्ष शिका: रॉडचं बूड मांड्यांत धरायचं, एका हाताने रॉड रीलच्या वर पकडून सतत हलवत राहायचं, दुसऱ्याने रील अगदी हळू फिरवायची. ल्युअर तोंड वर करून डावीउजवीकडे फटके मारत राहतं, पण पुढे फारसं सरकत नाही. नवखे लोक रील जोरात फिरवतात आणि मग ते नुसतं घसरत येतं.

शेजाऱ्याचं माँटॉक, आणि तसेच ऱ्होड आयलंडचे नरागान्सेटकडचे खडक, यांचं गणित पुन्हा निराळं. पाणी बऱ्याच ठिकाणी पुरुषभर खोल, खाली मोठमोठे धोंडे, त्यांवर शेवाळ. इथे जे बुडतं ते अडकतं. म्हणून तरंगणारी किंवा फार हळू बुडणारी ल्युअर: धातूचा ओठ असलेले लाकडी प्लग, जे ओढलं तरच फूटभर खाली जाऊन रुंद डुलतात आणि थांबवलं की वर येतात, किंवा नऊ इंचांचं स्लग-गोसारखं लांब रबरी ल्युअर, एकाच गळावर, वजनाशिवाय. डार्टर मात्र माँटॉक पॉइंटसारख्या ठिकाणी, जिथे खडकांवरून प्रवाह आडवा धावतो, तिथेच खरं बोलतं. त्याच्या उतरत्या कपाळावर प्रवाहाचा दाब आला की ते खाली शिरतं आणि बाजूला सटकतं. साचलेल्या पाण्यात तेच ल्युअर लाकडाच्या ढलप्यासारखं येतं, आणि लोक म्हणतात डार्टर बेकार आहे. ओढायचं हळूच, ओठ किंवा कपाळ पाणी पकडतंय एवढं मनगटाला जाणवलं की पुरे.

होडीवर कुणी नेलं तर मे-जूनमध्ये मोठ्या मेनहेडनचे थवे आणि त्यांच्या खाली मोठे मासे मिळतील. तिथे हाताएवढा पांढरा-रुपेरी फ्लटर स्पून (चमच्यासारखं धातूचं पातळ ल्युअर) थव्याखाली सोडून उचलायचा आणि ढील देऊन फडफडत पडू द्यायचा. घेतो तो पडतानाच. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे, केंद्राच्या पाण्यात, स्ट्रायपर धरायला १९९० पासून बंदी आहे, हे होडीवाल्याला माहीत असतं, तुम्हालाही असू द्या.

रंगाबद्दल एवढंच. रात्री काळा किंवा गडद जांभळा, कारण मासा खालून आकाशाच्या पार्श्वभूमीवर आकार बघतो. दिवसा पांढरा, हाडासारखा फिका, किंवा पाठ हिरवट आणि पोट पांढरं. गढूळ पाण्यात पिवळा. एवढ्यावर माझं निभतं.

गळांबद्दल मात्र मी आग्रह धरेन. प्लगवर दोन-तीन तिहेरी गळ लावून येतात. ते काढा, एकेरी गळ लावा आणि पक्कडीने गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे दाबून टाका. पोटाखालचा तिहेरी गळ काही प्लगना तोलून धरतो, म्हणून बदलल्यावर काठाजवळ ओढून बघा. ल्युअर कुशीवर पडत असेल तर थोडा जड गळ लावा. हा खटाटोप यासाठी की बहुतेक मासे तुम्हाला परत सोडायचेच आहेत. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर फक्त २८ ते ३१ इंचांमधला, दिवसाला एकच मासा ठेवता येतो. त्याहून मोठा कितीही देखणा असला तरी सोडायचा, त्या बहुतेक माद्याच असतात. १९८० च्या दशकात हा मासा इतका घटला की मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षं तो धरायलाच बंदी केली. तेव्हा तो सावरला, १९९५ मध्ये तसं जाहीरही झालं. २०१९ च्या पाहणीत मात्र साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली आल्याचं दिसलं, आणि चेसापीकमध्ये अलीकडच्या वर्षांत पिल्लं फार कमी निपजली आहेत. खरं आमिष लावणार असाल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) सक्तीचा आहे. नियम दरवर्षी बदलू शकतात, जायच्या आधी राज्याच्या संकेतस्थळावर बघा, आणि न्यू जर्सीची खाऱ्या पाण्याची नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे.

आता खरेदी. पहिल्या खेपेला पांढरी बकटेलं अर्धा, एक, दीड आणि दोन औंसांची, अर्ध्याच्या दोन. पाच इंची रबरी शेपटीचं एक पाकीट आणि त्यांना शिशाची डोकी. सहा इंची डायवा एसपी मिनो किंवा तसाच दुसरा एक, एकेरी गळ बसवून. हे एप्रिलला रॅरिटनवर आणि मेमध्ये खाडीमुखावर पुरेल. ऑक्टोबर आला की अव्हा १७ आणि एक काळं नीडलफिश त्यात घाला. रॉड सुरुवातीला नऊ फुटी, एक ते तीन औंस फेकणारी घेतलीत तर पुळण, बांध दोन्ही होतं, खाडीत ती जरा जड वाटेल तेवढं चालवून घ्या. पेन्सिल पॉपर मेव्हण्यांकडे जाल तेव्हा कालव्याजवळच्या दुकानातून घ्या, त्या आठवड्यात मासे काय खातायत ते तिथला माणूस सांगेल. डार्टर आत्ता नकोच. माँटॉकचा बेत पक्का झाला की घ्या, आणि शेजाऱ्याबरोबरच जा, त्या खडकांवर रात्री एकट्याने उतरू नका.